उरलेलं मान्य

सोमवार, ३ मार्च

आज नोकरीचा पहिला दिवस आणि या वहीचाही. वही ताईने दिली. तिला तिने निळ्या कापडाचं कव्हर शिवलंय, आतून दोन खिसे. एक पेनासाठी, दुसरा कशासाठी ते तिचं तिलाच ठाऊक. देताना म्हणाली, आपल्या घरात आजवर वाण्याच्या यादीपलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, तेव्हा पदवीधरबाईंनी आता आमचं नाव काढावं.

काम मनासारखं आहे. संगणकाचे सुटे भाग विक्रीला येण्याआधी तपासायचे आणि घ्यावेत की नाही ते लोकांना खरं खरं सांगायचं. लोक पै-पै साठवून गेमसाठी संगणक बांधतात, त्यांना कुणी फसवू नये, एवढंच. मुलाखतीत सरांनी विचारलं होतं, चूक इतकी बारीक असेल की कुणालाच दिसणार नाही, तर काय कराल? मी म्हटलं, मला दिसली ना, मग लिहीन. सर हसले नाहीत. आज कळलं की ते कधीच हसत नाहीत.

भाड्याची खोली चौथ्या मजल्यावर, कामावरून चालत दहा मिनिटं. एक खिडकी, एक टेबल, दाराला बाहेरचं बघायचं भिंग. संध्याकाळी ताईचा फोन आला. तिची सुरुवात ठरलेली: काय गं पदवीधर, जेवलीस का? मग बजावलं, महिनाअखेरच्या रविवारी येते, दार लगेच उघड, मला जिन्यात ताटकळत ठेवू नकोस.

ती दहावीला शाळा सोडून शिलाईला बसली, म्हणून मी शिकले. हे मी इथे एकदाच लिहून ठेवते, कारण तिच्यासमोर बोललं की ती मारायला धावते.

बुधवार, ५ मार्च

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लागून नऊ उघडे कॅबिनेट, प्रत्येकाला मॉनिटर, आणि दिवसभर पंख्यांची घरघर. तपासायला येणाऱ्या प्रत्येक ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे पडद्यावर चित्र काढणाऱ्या भागाला, इथे पाहुणा म्हणतात. पाहुणा आला की त्याला बसवायचा, तापवायचा, एकाच गेमची एकच वाट तीनदा चालून सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, काढतो ते मोजायचं, आणि परत पाठवायचा.

माझ्याशेजारी बसतो त्याला सगळे थर्मामीटर म्हणतात. तापमान मोजणं त्याच्याकडे, आणि स्वभावही तसाच, जवळ गेलात तर चढतो. मला म्हणाला की पदवी घेऊन इथे पंख्यांची धूळ पुसायला आलीस होय, आम्ही ती न घेताच पुसतो. पण दुपारी स्वतःहून चहा आणून दिला. त्याच्या कपावर लहान मुलाच्या वेड्यावाकड्या अक्षरात ‘बाबा’ लिहिलंय. मुलगा की मुलगी, विचारलं. तो म्हणाला, कुणाची? कप ऑफिसातलाच असेल, त्याला कुणी नाही.

इथली एक पद्धत मला फार आवडली. गेममधला किल्ला आपण फक्त गेममध्येच पाहिलेला असतो, त्यात काही चुकलं तरी कळत नाही. म्हणून नव्या माणसाने आपल्या घराची प्रतिकृती करून आणायची. मोबाइल घेऊन घरभर फिरायचं, त्यावरून संगणक हुबेहूब घर उभं करतो, आणि मग आपण त्यात गेमसारखं चालायचं. जे घर पाठ आहे तिथली चूक डोळ्यांना लगेच टोचते.

रविवार, ९ मार्च

घरी जाऊन आले. बाबांना आणि ताईला दहा मिनिटं हलायचं नाही म्हणून बसवलं आणि मोबाइल घेऊन फिरले. बाबा खुर्चीत असे ताठ बसले की जणू पासपोर्टचा फोटो. त्यांच्यामागे भिंतीवर घड्याळ, त्याखाली माझी पदवी फ्रेम करून. दाराशी तीन खुंट्या: एकीवर बाबांची टोपी, एकीवर ताईची पिशवी, तिसरी रिकामी. ती माझी. ताईने तिथे काही टांगू दिलेलं नाही.

ताई काही केल्या तयार होईना. माझं तोंड नको घालूस तुझ्या त्या डब्यात, म्हणाली, आणि सरळ पाठ फिरवून खिडकीखालच्या मशीनवर बसली. तेव्हा प्रतिकृतीतल्या घरात ती पाठमोरीच आलीय: कमरेपर्यंतची वेणी, कोपरावर ठिगळ लावलेला हिरवा स्वेटर, मशीनवर डावा हात. त्या हाताच्या पहिल्या बोटातून एकदा सुई आरपार गेली होती, तेव्हापासून नख मधोमध दुभंगलेलं. मी चित्र घेताना तिला हसू आवरेना. ती हसते तेव्हा आधी खांदे हलतात, आवाज नंतर येतो.

तिच्या चेहऱ्याचं वर्णन करत बसत नाही. जो चेहरा उठल्याबरोबर बघत मोठी झाले, तो काय लिहून ठेवायचा!

मंगळवार, ११ मार्च

माझा पहिला पाहुणा आला. साध्या खोक्यात, वर नाव ना गाव. मोठ्या विटेएवढं काळं कार्ड, तीन पंखे. गंमत म्हणजे पूर्ण ताकदीने चाललं तरी त्याचा आवाज येत नाही आणि ते तापत नाही. थर्मामीटर तीनदा मोजून वैतागला.

त्याची खरी करामत वेगळीच आहे. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये ते स्वतःच्या अंदाजाने आणखी फ्रेम काढून भरतं. आम्ही त्यांना भरतीच्या फ्रेम म्हणतो. त्यामुळे खेळ लोण्यासारखा चालतो. अंदाज बरोबर आहे का हे बघणं माझं काम. भरतीची प्रत्येक फ्रेम खऱ्या फ्रेमशेजारी ठेवायची आणि एक बटण दाबायचं: ‘मान्य’ किंवा ‘दोष’. दोष दिला की खाली चौकट उघडते, तिथे काय असायला हवं होतं ते शब्दांत लिहायचं. आपल्या उत्तरांवरून कार्ड शिकत जातं.

माझ्या घराच्या एकूण सेहेचाळीस हजार फ्रेम. सगळ्या बघणार. एकही सोडणार नाही.

गुरुवार, १३ मार्च

आज पहिली चूक सापडली. भरतीच्या एका फ्रेममध्ये बाबांच्या मागची भिंत कोरी, घड्याळ नाही. दोष दिला. लिहिलं: पांढरं गोल घड्याळ, काच तडकलेली, पाच मिनिटं पुढे.

संध्याकाळी ताईने हसत सांगितलं, आज घरात भुताटकी झाली. दुपारी घड्याळ भिंतीवर नव्हतं. बाबांनी पलंगाखालीसुद्धा शोधलं. तासाभराने बघतात तर जागच्या जागी. ताईचं मत, बाबांना नवा चष्मा हवा. बाबांचं मत, ताईला नवी अक्कल हवी.

योगायोग मोठा गमतीचा असतो.

शुक्रवार, १४ मार्च

एक लहानशी कबुली. आज एका फ्रेममध्ये दाराशी दोनच खुंट्या होत्या. डोळे थकले होते, खुंटी ती काय, आणि मी मान्य दाबून पुढे गेले. पण चुटपुट लागली, म्हणून फोनवर ताईला म्हटलं, माझ्या खुंटीवर काही टांगू नकोस हं. ती म्हणाली, कुठली तुझी खुंटी? दोनच तर आहेत, पहिल्यापासून.

मला वाटलं, चिडवतेय. बाबांना विचारलं. तेही दोनच म्हणाले.

सकाळी लवकर जाऊन मूळ फ्रेम बघते.

शनिवार, १५ मार्च

मूळ फ्रेममध्येही दोनच आहेत. भिंतीवर भोकसुद्धा नाही.

या वहीत नऊ तारखेला तीन लिहिल्या आहेत. मी मोजून लिहिल्या होत्या.

मंगळवार, १८ मार्च

सरांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले की दमलेला डोळा स्वतःच्या घरातही चुकतो, म्हणून तर यंत्रं लागतात. मग म्हणाले, अहवाल शुक्रवारी छापायचा आहे, अजून एकेचाळीस हजार फ्रेम उरल्या आहेत, तुम्ही दळण दळत बसला आहात. पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण असतं, ‘उरलेलं मान्य’. सगळे तेच दाबतात. शंभरातली एक बघायची आणि बाकीच्यांना एकदम मान्यता. सेकंदाच्या शंभराव्या भागात काय नाहीसं झालं हे कुणाच्या बापाला कळणार आहे?

मी नाही म्हटलं. सर म्हणाले, तत्त्वं ही फार महाग वस्तू आहे, ती नोकरी पक्की झाल्यावर घ्यावी.

थर्मामीटर नंतर हळूच म्हणाला की दाबून टाक, मीही दाबलं होतं, काही होत नाही. मी त्याच्या घराची प्रतिकृती उघडून बघितली. जेवणाचं टेबल आहे, चार खुर्च्या, त्यातली एक लहान मुलाची, उंच. विचारलं, एकट्या माणसाला इतक्या खुर्च्या? त्याने त्या बोटाने मोजल्या. मग म्हणाला, भाड्याचं घर, आधीपासूनच असतील.

गुरुवार, २० मार्च

दुपारी चार वाजता सर खुर्चीमागे येऊन उभे राहिले. म्हणाले, आत्ता दाबा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.

मला ताईचे हात दिसले. दहावीपासूनच्या तिच्या सगळ्या दुपारी दिसल्या. ही नोकरी गेली तर घरी कुठल्या तोंडाने जाऊ? मनाला समजावलं, खुंटीचं मीच चुकीचं लिहिलं असेल.

दाबलं.

पडदा क्षणभरही थांबला नाही. उरलेल्या एकोणचाळीस हजार, एकदम हिरव्या. सर म्हणाले, शाब्बास.

शुक्रवार, २१ मार्च

अहवाल छापला गेला, खाली माझं नाव. मी घेतलं नसतं तरी लोक घेतील असं कार्ड आहे. संध्याकाळी छान मोकळं वाटत होतं. बाबांना फोन केला. ते आपणहून कधी करत नाहीत. घरात एकटेच असतात, आवाज खोल गेल्यासारखा वाटला. मी एकुलती एक, मलाच लक्ष द्यायला हवं. पुढच्या महिन्यात त्यांना इकडे आणावं म्हणते.

वहीला एखादं कव्हर घ्यायला हवं. कोपरे दुमडायला लागलेत.

शनिवार, २२ मार्च

अहवाल झाला म्हणून आज सुट्टी. सहज म्हणून वही पहिल्यापासून वाचायला घेतली.

ताई कोण?

अक्षर माझं आहे. शाई माझ्या पेनाची. पहिल्याच पानावर ताई, निळं कव्हर. वहीला कव्हर नाही. नव्हतंच. दहा-दहा वेळा वाचलं. कुणी माझ्या अक्षरात लिहून ठेवलं म्हणावं, तर बाबांचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं हे त्या कुणाला कसं माहीत?

डोळे मिटून बसले. घर आठवलं. बाबांची खुर्ची आठवली. खिडकीखाली मशीनची जागा — तिथे भिंत आहे. फक्त भिंत.

रविवार, २३ मार्च

घरी गेले. खिडकीखाली मशीन नाही. दाराशी एकच खुंटी, टोपीची.

बाबांना सरळ विचारलं, मला मोठी बहीण होती का? त्यांनी कपाळाला हात लावून ताप बघितला. म्हणाले, बाळ, तू एकटीच. मग माझं शिक्षण कुणी केलं? म्हणाले, केलं की कसंतरी. कसं? म्हणाले, अगं, बाकी काय काय आठवतं, हेच नेमकं आठवत नाही.

मग त्यांचे डोळे भरून आले. का रडताय विचारलं तर म्हणाले, मलाही कळत नाही. दुपारी चहा टाकताना तीन कप मांडले जातात, रोज.

निघताना खिडकीखाली जमिनीवर बसून बघितलं. फरशीच्या फटीत हिरव्या लोकरीचा एक धागा होता. मुठीत धरून आणला.

सोमवार, २४ मार्च

पाहुणा बुधवारी परत जाणार. म्हणजे दोन दिवस.

तिची आठवण मला नाही. प्रेम कुठून आणू? पण वहीतली मी तिच्यावर जीव टाकते आहे, आणि वहीतली मी खोटं लिहीत नाही. मी डोळ्यांपेक्षा वहीवर विश्वास ठेवणार.

सरांनी फाइल उघडायला मनाई केली. छापून झालेल्या अहवालात हात घालायचा नाही म्हणाले. थर्मामीटरने ऐकलं. जाताना प्रयोगशाळेच्या स्वतःच्या चाव्या माझ्या टेबलावर विसरला. तो कधी काही विसरत नाही. कप मात्र छातीशी धरून घेऊन गेला.

मंगळवार, २५ मार्च

सकाळी सहालाच आले. कार्ड चालू केलं. पडद्यावरच्या घरात चालत गेले, खिडकीशी उभी राहिले. रिकामी भिंत. दोष दिला. चौकट उघडली: काय असायला हवं होतं?

मला माहीत नव्हतं. मांडीवर वही ठेवून एक-एक शब्द उतरवला. माझी ताई. शिवणाचं मशीन. कमरेपर्यंत वेणी. हिरवा स्वेटर, कोपरावर ठिगळ. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख दुभंगलेलं. हसताना आधी खांदे हलतात. तिच्या बोलण्यातली तीन वाक्यंसुद्धा निवडून, जशीच्या तशी. तिच्या दिसण्याचं वहीत होतं नव्हतं ते सगळं दिलं.

शेवटी लिहिलं, परत दे.

पंखे पहिल्यांदाच वाजले.

बुधवार, २६ मार्च

आली! भिंतीपाशी मशीन, मशीनवर ती, पाठमोरी. मी पडद्याला हात लावून रडले. दुपारी पाहुण्याला खोक्यात घालून पाठवून दिला.

आणि संध्याकाळी फोन. काय गं पदवीधर, जेवलीस का?

आवाज कसा होता ते नीटसं कळलं नाही, मी हुंदके देत होते. म्हटलं, ताई, मी चुकले, मला माफ कर. ती म्हणाली, महिनाअखेरच्या रविवारी येते, दार लगेच उघड. म्हटलं, हो, हो, ये. बाबा कसे आहेत? ती म्हणाली, काय गं पदवीधर, जेवलीस का?

थट्टा करतेय. ती चिडवते, वहीत आहे तसं.

गुरुवार, २७ मार्च

पुन्हा फोन. सुरुवात तीच. मी विचारलं, लहानपणी तू मला काय म्हणायचीस? मशीन चालल्याचा आवाज आला. मग: माझं तोंड नको घालूस तुझ्या त्या डब्यात.

तीनच वाक्यं आहेत तिच्याकडे. मी तीनच दिली.

शुक्रवार, २८ मार्च

बाबांचा फोन. त्यांनी आपणहून केला. कुजबुजत होते. म्हणाले, तुझी ताई आलीय, बरं वाटलं, पण बाळ, ती जेवत नाही. मशीनवरून उठत नाही. मशीनमध्ये दोरा नाही आणि ती चालवतेय. समोर जाऊन बसावं म्हटलं तर — मी खुर्ची घेऊन या बाजूने गेलो, त्या बाजूने गेलो —

कुठूनही गेलं तरी तिची पाठच येते, म्हणाले.

शनिवार, २९ मार्च

चेहरा.

मी चेहरा लिहिला नाही. नऊ तारखेला — ‘काय लिहून ठेवायचा’ — माझीच ओळ. वाचून वाचून कागद मऊ पडलाय.

प्रयोगशाळेत धावले. कार्ड नाही. कुठे पाठवलं, सरांना पत्ता आठवत नाही. खोक्यावर नावच नव्हतं. थर्मामीटरची खुर्ची रिकामी. त्याच्याबद्दल विचारलं तर सर म्हणाले, कोण?

टेबलावर कप आहे.

बाबांना फोन — ती सकाळीच निघाली म्हणाले. चालत.

रविवार, ३० मार्च

सकाळचे अकरा. लख्ख ऊन आहे. खाली मुलं खेळताहेत. जिन्यात पावलं —

दार वाजलं.

भिंगातून बघितलं. वेणी. हिरवा स्वेटर. ती दाराकडे पाठ करून उभी आहे आणि दार वाजतंय.

दार लगेच उघड, म्हणतेय. मी म्हटलं, ताई, एक मिनिट, एकच मिनिट. काय गं पदवीधर, जेवलीस का? दार लगेच उघड.

तिचा दोष नाही. मी दाबलं, मी अर्धी लिहिली. अर्धीच ठेवून दार उघडू? की कायमची जिन्यात ताटकळत — नाही. तिने माझ्यासाठी शाळा सोडली. मी तिला निदान डोळे तरी —

इथेच लिहिते. या वहीचं ती ऐकते. आठव. बाबांचं नाक का? कपाळ रुंद? की — गालावर खळी — हे मी बनवतेय, हा अंदाज आहे, भरतीचा — खरं काहीतरी, एकच खरं —

खांदे हलायला लागले. हसतेय. आवाज अजून नाही.

कडी आतून आपली आपण — ताई, थांब, लिहिते — तुझे डोळे — डोळे —